अक्षता १२ वाजून ३१ मिनिटांनी. घरच्यांचे फोटो कधी?

मुलगी शिरोळ तालुक्यातल्या एका गावची, मुलगा सातारा जिल्ह्यातला. कार्यालय जयसिंगपूर-सांगली रस्त्यावरचं. साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी, २०२३ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांचा. कार्यालय आदल्या संध्याकाळपासून लग्नाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ताब्यात, कारण त्यानंतर लगेच दुसऱ्या लग्नाची माणसं हळदीला येणार होती. आमच्याकडून, म्हणजे फोटो काढणाऱ्यांकडून, फोटोला दोघं, व्हिडिओला दोघं आणि ड्रोन उडवणारा एक मुलगा. आमच्या भागात लग्नं साधारण अशीच होतात. तरी हे लग्न सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण घरच्यांचे एकत्र फोटो आधी कसे आखावे लागतात आणि त्या आखणीत कॅमेऱ्याचा वाटा किती थोडा असतो, ते यात स्पष्ट दिसतं.

मंगलाष्टकांना भटजी असतात, पंगतीला आचारी असतो, फेट्यांना फेटेवाला असतो. घरच्यांच्या फोटोला मात्र ना वेळ ठरलेली असते, ना जागा, ना जबाबदार माणूस. "अक्षता पडल्या की घेऊ सगळ्यांचे" एवढ्यावर भागवलेलं असतं. आणि अक्षता पडल्या की नेमकी माणसं पांगतात. निम्मे पंगतीला, काही गाडी काढायला, घरातले कर्ते पाहुण्यांना निरोप द्यायला दारात. मग अल्बम हातात आल्यावर कळतं, की नवरीच्या बांगड्यांचे पंधरा फोटो आहेत आणि सख्खी पाच भावंडं एका चौकटीत कुठेच नाहीत. घरच्यांच्या फोटोला एखाद्या विधीसारखी वेळ, जागा आणि चालवणारं माणूस दिलं तरच तो होतो, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यातले खरे निर्णय घरात, लग्नाच्या आधी व्हावे लागतात.

नवरीच्या धाकट्या भावाने पंधरा दिवस आधी यादी पाठवली. त्यात ४३ ग्रुप होते. एका ग्रुपला तीन मिनिटं धरली तरी १२९ मिनिटं होतात, म्हणजे दोन तासांच्या वर, आणि तेही सगळी माणसं समोर तयार उभी असतील तर. सगळे मामा, सगळ्या मावश्या, मामा-मावश्या एकत्र, मामा-मावश्या मुलांसह, गल्लीतले, भावाच्या तालमीतले मित्र, दूध संस्थेतले वडिलांचे जुने सहकारी. यादी मन लावून केलेली होती. पण वाचताना एका गोष्टीशी मी थांबले. नवरीच्या आईचा उल्लेख त्यात एकदाच होता, एकोणतिसाव्या ओळीत: "आई आणि मावश्या". सगळ्यात वरच्या ओळीत, नवरा-नवरीच्या शेजारी, काका-काकू होते.

वडील २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले, हे मला ठाऊक होतं. कन्यादान मधले काका-काकू करणार होते. यादीवर फोनवर बोलण्यात अर्थ नव्हता. मी घरीच गेले.

आजकाल यादी इतकी लांबते याचं एक साधं कारण आहे. पूर्वी चौकोनी फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यात १२० नंबरचा फिल्मचा रोल घालत, आणि त्यात बारा फोटो बसत. पुढे ३५ मिलिमीटरचा रोल सगळीकडे झाला तेव्हा छत्तीस. फोटोग्राफर लग्नाला ठरलेले रोल घेऊन येई आणि घरातली वडीलधारी माणसं आधीच ठरवत, की कोणाचे फोटो काढायचे. म्हणून जुन्या घरांच्या भिंतीवर जे दोन-तीन फोटो दिसतात त्यांत सगळी माणसं असतात: खुर्च्यांवर म्हातारी, मागे कर्ते, पुढे सतरंजीवर पोरं. आता मोजायची गरज उरली नाही, म्हणून निवडायची सवयही गेली. रोलचे दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण निवडायला बसणं मात्र मी प्रत्येक घराला सांगते.

त्या घरी सोप्यात आजी होती, वय ८६, गुडघ्यांनी पूर्ण हरलेली. आई, मधल्या काकू, मोठी आत्या आणि नवरी स्वतः. मी यादी बाजूला ठेवली आणि माणसांबद्दल विचारायला लागले. कोणाला जास्त वेळ उभं राहता येत नाही? लवकर कोण निघणार? कोण उशिरा पोहोचेल? कोणाला कोणाशेजारी उभं करायचं नाही? हा शेवटचा प्रश्न विचारला की घर थोडा वेळ गप्प होतं. तो विचारावाच लागतो. लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्यामागून "अहो काका, जरा त्या काकांजवळ सरका" म्हणावं आणि दोघांचं सहा वर्षं बोलणं नसावं, यासारखी अडचण नाही. सगळ्यांच्या देखत माणसाला एक तर नकार द्यावा लागतो, नाही तर दात आवळून उभं राहावं लागतं.

इथे तसंच होतं. वाटणीवरून मधले आणि धाकटे काका एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटे लग्नाला येणार हे नक्की होतं, कधी येतील आणि किती वेळ थांबतील हे कोणालाच सांगता येत नव्हतं. बाकीची माहिती हळूहळू निघाली. लहान आत्या बेळगावला दिलेली, तिला दुपारी चारच्या आत निघायचं होतं. मुलाकडे थोरल्या सुनेला आठवा महिना चालू होता. आजीला दुपारी दीडनंतर कार्यालयात बसवणार नव्हते, उन्हाचा त्रास होतो म्हणून.

मग मी आईंना विचारलं, "तुम्ही कुठे बसणार?"

"मी कशाला पुढं? दीर-जाऊ बसतील की. माझा एक घ्या नंतर बहिणींबरोबर."

हे त्यांनी सहज म्हटलं. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून तर ते ऐकायला जड गेलं. नवरी उठून आत गेली.

या तालुक्याचं नाव एका ठरावामुळे राज्यभर गेलेलं आहे. मे २०२२ मध्ये इथल्याच हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. तो ठराव होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि मी त्याच तालुक्यातल्या एका सोप्यात बसून ऐकत होते, की मुलीच्या लग्नाच्या फोटोत तिची आई पुढे नको. ठरावाने रीत चुकीची ठरते. माणसाच्या अंगात मुरलेला संकोच एका वर्षात निघत नाही. लग्नात तो कॅमेऱ्यासमोर सगळ्यात उघडा दिसतो. बाई स्वतःहून एक पाऊल मागे सरकते आणि फोटोत खांद्यामागचा अर्धा चेहरा उरतो.

हा निर्णय फोटोग्राफरने घ्यायचा नसतो. "असं कसं, आई मध्ये पाहिजेच" असं मी तिथे बोलले असते तर आईंनाच अवघडल्यासारखं झालं असतं. मी एवढंच म्हटलं, की खुर्च्या पाच ठेवणार आहे, आजी मधोमध. आजीच्या दोन्ही बाजूंना कोण, ते तुम्ही ठरवून मला सांगा. थोड्या वेळाने आजीच म्हणाली, "थोरल्याची बायकू माझ्या उजव्या अंगाला बसंल. तिच्या लेकीचं लगीन हाय." काकूंनी लगेच मान हलवली. मला वाटतं, त्यांनाही तो मान आपल्याकडे येणं टोचत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने सांगितलं म्हणजे विषय संपतो. म्हणून असे प्रश्न विचारायला जाताना घरातलं सर्वांत मोठं माणूस समोर असेल, अशी वेळ मी निवडते.

वडिलांच्या तसबिरीचाही प्रश्न होता. भावाला ती प्रत्येक ग्रुपमध्ये हवी होती. मी त्याला समजावलं, की प्रत्येक फोटोत तसबीर धरून कोणीतरी उभं राहिलं, तर धरणाऱ्याचा चेहरा आणि हात त्यातच अडकतात, आणि दिवसभर आईच्या डोळ्यांसमोर ती राहते. तसबिरीसोबत एकच फोटो घेऊ: आई, नवरी, भाऊ. तो सकाळी पहिला घेऊ, गर्दी नसताना, आणि त्यानंतर तोंड धुवायला, काजळ नीट करायला दहा मिनिटं ठेवू. आदल्या रात्री तसबिरीची काच काढून ठेवा आणि चंदनाचा हार उतरवा, असंही सांगितलं. काच असली की त्यात समोरचं आकाश, खिडकी, कधी फोटोग्राफर स्वतः दिसतो, आणि नंतर ते पुसत बसावं लागतं. काच निघत नसेल तर तसबीर वरच्या बाजूने किंचित पुढे झुकवून धरायची.

४३ चे १६ ग्रुप झाले. गल्ली, तालीम, दूध संस्था हे सगळे स्टेजवर आहेर द्यायला येणारच होते, त्यांचे फोटो तिथेच होतात, त्यांच्यासाठी वेगळा वेळ लागत नाही. उरलेले १६ मी एका वेळी ठेवले नाहीत, तीन ठिकाणी वाटले.

यात उन्हाचा हिशेब होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो याच सुमाराचा. आणि आपल्याकडे सूर्य माथ्यावर येण्याची घड्याळातली वेळ तेव्हा साडेबाराच्या आसपास असते. म्हणजे मुहूर्ताची वेळ आणि उजेडाची सगळ्यात वाईट वेळ एकच. त्या वेळी बाहेर उभं केलं तर प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या दिसतात, आणि फेटा असला तर अर्धा चेहरा सावलीत. आत स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी.

पण त्या कार्यालयाला दोन्ही बाजूंना रुंद व्हरांडे होते, एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे. सकाळी नऊला पश्चिमेचा व्हरांडा पूर्ण सावलीत, समोर मोकळं आकाश आणि चुन्याची पांढरी कंपाउंड भिंत. तिच्यावरून परतणारा उजेड इतका मऊ असतो, की फ्लॅश लागतच नाही. दुपारी साडेतीनला तेच पूर्वेच्या व्हरांड्यात मिळतं, फक्त तिथे समोर हिरवळ होती आणि हिरवळीचा रंग खालून हनुवटीवर चढतो. म्हणून खुर्च्या कठड्यापासून आत, भिंतीच्या जवळ ठेवायच्या ठरल्या. मंडपवाला आदल्या दिवशी पश्चिमेच्या व्हरांड्याला लाल कापड लावणार होता. ते तेवढ्या भागात लावू नका म्हणून मी त्याला हात जोडून सांगितलं, कारण लाल कापडाखाली सगळ्यांचे चेहरे ताप आल्यासारखे दिसतात.

तर आखणी अशी ठरली. सकाळी ९ ते ९:४० मुलीकडचे सात ग्रुप, वऱ्हाड पोहोचायच्या आत. अक्षतांनंतर लगेच स्टेजवर दोनच: दोन्ही घरची सख्खी माणसं, आणि नवरा-नवरीसोबत चारही आजी-आजोबांपैकी जे आहेत ते. साडेतीनला, सप्तपदी उरकल्यावर, मुलाकडचे सात. शिवाय दुपारी सव्वा ते दीड ही पंधरा मिनिटं कोणालाही न सांगता राखून ठेवली, आजी निघायच्या आधीची. जागाही ठरवली: वधूपक्षाची खोली, जिला उत्तरेकडे मोठी खिडकी होती.

सकाळच्या वेळेला नवरीचा विरोध होता. तेव्हा तिच्या अंगावर साखरपुड्याची साडी असणार, शालू नसणार. तिला घरच्यांसोबतचे फोटो शालूतच हवे होते. मी तिला दुपारचा उजेड, घामाने ओघळलेला मेकअप, पंगतीतून ओढून आणलेली माणसं असं सगळं सांगितलं, पण तिचं मन वळलं ते वेगळ्याच गोष्टीने: सकाळी आजी ताजीतवानी असेल. शालूतला एक फोटो स्टेजवर होईलच, असं ठरवून ती तयार झाली.

आता हाक मारणाऱ्या माणसाबद्दल. माझ्या मते सगळ्या आखणीत याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. फोटोग्राफरला चेहरे माहीत नसतात. समोरच्या दोनशे माणसांत मोठे मामा कोणते आणि चुलत मामा कोणते, हे मला कसं कळणार? प्रत्येक बाजूने एक माणूस लागतो, जो सगळ्यांना ओळखतो, ज्याचं लोक ऐकतात आणि ज्याला त्या दिवशी दुसरं काम नाही. नवरीचा सख्खा भाऊ कधीच नको, त्याला शंभर कामं असतात. तरुण पोरंही नकोत, त्यांच्या हाकेला काका मंडळी उठत नाहीत. इथे मुलीकडून एक मामेबहीण निवडली, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आवाज खणखणीत, आणि निम्म्या पाहुण्यांची पोरं तिच्या हाताखालून गेलेली. मुलाकडून त्यांचे एक मामा. दोघांना कागदावर छापलेली यादी दिली, मोबाईलवर नाही, कारण ऐन वेळी मोबाईलवर फोन येत राहतात. यादीत नावं घातली आणि नात्यापुढे माणसांची संख्याही. "मामा-मामी: ६" असं लिहिलेलं असलं की पाच आल्यावर एक कमी आहे हे लगेच कळतं.

निवेदकाच्या माइकवरून हाक मारायची नाही, हेही ठरलं. आमच्या भागात माइक मान्यवरांच्या स्वागतात गुंतलेला असतोच, पण "नवरीच्या घरच्यांनी स्टेजवर यावं" असं माइकवर म्हटलं की अख्खी भावकी येते. आणि आलेल्याला परत पाठवणं म्हणजे अपमान. त्यापेक्षा मामेबहिणीने जाऊन खांद्याला हात लावून बोलावलेलं बरं.

लग्नाच्या दिवशी फेटेवाला आठला आला. एका फेट्याला दोन-तीन मिनिटं जातात, चाळीस डोकी असली आणि बांधणारा एकटा असला की दीड-दोन तास. म्हणून सकाळच्या ग्रुपमधल्या बारा पुरुषांना आधी बसवलं. हे सांगितलं नसतं तर त्याने समोर दिसेल त्याला बांधत नेलं असतं आणि मामा बोडक्या डोक्याने फोटोत आले असते, जे मामांनी पुढे कित्येक वर्षं काढलं असतं. फेटा हा मान आहे. ज्या फोटोत चौघांना फेटा आहे तिथे पाचव्यालाही हवा. पार्लरच्या ताईंना मी नवरी साडेआठला हवी असं सांगितलं होतं. त्या नऊला पाच कमी असताना तिला घेऊन बाहेर आल्या.

तसबिरीचा फोटो पहिला झाला. आई रडल्या, भाऊही. आम्ही कॅमेरे खाली ठेवले, नंतरची दहा मिनिटं त्यांची होती.

मग मोठा ग्रुप आधी, लहान नंतर. हा क्रम मी सहसा मोडत नाही. सगळे एकदा जमले की त्यातून माणसं कमी करत जाणं सोपं, वाढवत जाणं अवघड. पहिल्या ग्रुपमध्ये १८ माणसं होती. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी एक हिशेब मांडला होता: वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, तितके फोटो घेतले की निदान एकात सगळ्यांचे डोळे उघडे असतात. उजेड कमी असेल तर दोनने भागा. त्यांना २००६ चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं त्यासाठी, लोक हसले असतील, पण मला तो हिशेब रोज उपयोगी पडतो. १८ माणसांना सहा फोटो. पन्नास माणसांच्या पुढे मात्र एकही निर्दोष फोटो मिळायची आशा जवळजवळ नसते, म्हणून "सगळी भावकी एकत्र" या फोटोत मी कोणालाच वचन देत नाही.

आजी मधोमध, उजवीकडे आई, डावीकडे मोठी आत्या, टोकांना काका-काकू. भिंग ५० मिलिमीटरचं, मी मागे कंपाउंडच्या भिंतीला टेकून. जागा कमी म्हणून रुंद भिंगाने जवळून काढलं की कडेला उभी असलेली माणसं फुगतात, आणि कडेला बहुतेक वेळा जावईच असतात. दोन रांगा असल्या तर भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र लहान, एफ ८ च्या आसपास, म्हणजे पुढची आजी आणि मागचा उंच पुतण्या दोघंही स्पष्ट येतात. आई खुर्चीत बसताना अजूनही थोड्या मागे रेलत होत्या. आजीने त्यांचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला आणि तसाच ठेवला. पुढचे सगळे फोटो त्या हातासकट आहेत.

सहा ग्रुप झाले. सातवा होता "आजी आणि तिची मुलं". धाकटे काका आले नव्हते. मामेबहिणीने तो कागदावर खुणेने वेगळा केला आणि पुढे गेली.

वऱ्हाड ठरल्यापेक्षा उशिरा, साडेदहाच्या जवळपास आलं. महामार्गाचं सहापदरीकरण चालू होतं आणि कऱ्हाडात बस अडकली होती. तिथून पुढे सगळंच दाटीवाटीने: साखरपुडा, ओट्या, कपडे बदलणं, मुलाकडच्यांचे फेटे. घरच्यांचे सगळे फोटो अक्षतांनंतर ठेवले असते तर ते याच धावपळीत गेले असते.

१२:३१ च्या अक्षता पडल्या चाळीसच्या पुढे. आता स्टेजची सात मिनिटं हवी होती. लाईटवाल्याशी आदल्या रात्री बोलणं झालेलं. त्याने जांभळे दिवे बंद करून साधे पांढरे ठेवले. मागचा एलईडी पडदाही काळा केला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, म्हणून शटर सेकंदाच्या एक शतांशावर ठेवलं की फोटोत पट्टे येत नाहीत. मुंडावळ्या कानामागे सारून घेतल्या, नाहीतर मोत्यांची सर बरोबर डोळ्यावर येते. वरमालांसह एक आणि वरमाला काढून एक, कारण जाड हारामागे शालू आणि दागिने दोन्ही झाकले जातात. तेवढ्यात एक पुढारी आले. मुलाच्या वडिलांशी आधीच बोललो होतो, की मान्यवर असतील त्यांचा फोटो थांबवणार नाही, फक्त घरच्यांची सात मिनिटं मध्ये तोडायची नाहीत. मुलाचे मामा खाली उतरले, त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं. ते चार मिनिटं शांतपणे बसले आणि मग वर येऊन आशीर्वाद देऊन गेले. पुढारी माणसं थांबतात. घाई असते ती त्यांच्या आजूबाजूच्यांना.

धाकटे काका ऐन मंगलाष्टकांत मागच्या रांगेत येऊन उभे राहिले होते. मामेबहिणीने त्यांना तेव्हाच हेरलं. तिने फोटोचा विषय काढला नाही. पंगतीत त्यांच्या पानाजवळ जाऊन, आजी दीडला घरी निघते आहे, खोलीत जाऊन भेटा, एवढंच सांगितलं. ते सव्वाला खोलीत आले तेव्हा मधले काका आधीच आजीच्या पायाशी बसलेले होते. दोन्ही आत्या होत्या. मी आणि माझा एक कॅमेरा, बाकी कोणी नाही. व्हिडिओवाल्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. खुर्ची खिडकीपाशी होती. मोठ्या आत्याने भावांना दोन टोकांना उभं केलं, मध्ये आजी आणि बहिणी. मी कोणालाही हसा म्हटलं नाही, जवळ या म्हटलं नाही. पाच माणसं, दोन-तीन फोटो पुरेसे होते, मी सहा घेतले. दोघे काका एकमेकांशी बोलले नाहीत. धाकटे आजीच्या पाया पडले आणि गेले.

फोटोने भांडण मिटतं असं कोणी मानू नये, आणि मिटवायचा आव तर फोटोग्राफरने आणूच नये. आजीची इच्छा मुलं एका फोटोत असावीत एवढीच होती. तो फोटो मी सगळ्यात आधी छापला, बारा बाय अठराचा, अल्बमची वाट न पाहता. ८६ वर्षांच्या माणसासाठी अल्बमचे तीन महिने थांबणं मला पटत नाही. आजी असलेले फोटो निवडून पहिल्या आठवड्यात छापून द्यायचे, हे मी आता करारातच लिहिते. महिन्याभराने धाकट्या काकांनी आत्यांच्या हस्ते त्याची एक प्रत मागवून घेतली.

साडेतीनचे पावणेचार झाले. लहान आत्या तोवर निघून गेली होती, पण ती सकाळच्या आणि खोलीतल्या फोटोत होती, त्यामुळे कोणाला चुटपुट लागली नाही. पूर्वेच्या व्हरांड्यात पहिली खुर्ची आठव्या महिन्यातल्या थोरल्या सूनबाईंना. त्यांचे तिन्ही ग्रुप सलग घेतले आणि त्यांना मोकळं केलं, म्हणजे दर वेळी उठबस नको. मुलाकडचे सहा झाले. सातवा, मुलाच्या मामे-मावस भावंडांचा, झाला नाही. बारापैकी पाच जण बसची वाट न पाहता आपल्या गाड्यांनी जेवून निघाले होते. मामांनी कागदावर पाहून सांगितलं, "बारा पाहिजेत, सात आहेत," आणि आम्ही तो सोडून दिला. अर्धवट ग्रुप घेऊन ठेवला की अल्बममध्ये तोच लागतो आणि नसलेल्या पाचांना कायमचं लागून राहतं.

पाचला कार्यालय रिकामं करायचं होतं. पाठवणी सव्वाचारला झाली. पाठवणीत मी ग्रुप घेत नाही, कोणी मागितला तरी नाही.

भावंडांचा राहिलेला फोटो तिसऱ्या दिवशी झाला, मुलाच्या गावी, सत्यनारायणाच्या पूजेला. मुलाकडची जवळची सगळी माणसं त्या दिवशी पुन्हा जमतात, कोणाला बस गाठायची नसते, आणि घर आपलं असतं. संध्याकाळी साडेपाचला ऊन गोठ्याच्या भिंतीआड गेल्यावर अंगणात बाराही उभी राहिली. त्या भागात साधारण पावणेसातनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे हातात तासभर होता आणि तो सगळा लागलाही नाही. मुलाकडचं घर लांबचं असेल आणि पूजा लग्नानंतर एक-दोन दिवसांत असेल, तर मी आता मुलाकडचे निम्मे ग्रुप थेट पूजेच्या दिवशीच धरते आणि कार्यालयातल्या दुपारसाठी फक्त लवकर परत जाणाऱ्यांचे ठेवते.